रताळी हरवली तेव्हा सगळे भांडत होते

आधी कोडं.

एका मांजरीच्या गळ्यात पट्टा असावा की नसावा, यावर एका संध्याकाळी चाळीस हजार माणसं भांडली. दुसऱ्या दिवशी तीच मांजर हरवली, तेव्हा ते कळलं फक्त सव्वीस जणांना. पडदा तोच, माणसं तीच, मांजरही तीच. मग उरलेली माणसं गेली कुठे?

‘माणसं दुष्ट असतात’ हे उत्तर जिभेवर आलं असेल तर ते गिळून टाका. ते सोपं आहे आणि खोटं आहे. खरं उत्तर शलाकाला सापडलं, पण त्याची किंमत मोजली रताळीनं.

शलाका बारा वर्षांची. कराडला नदीच्या वरच्या अंगाला ‘उत्कर्ष संकुल’ नावाच्या सहा मजली इमारती आहेत. त्यातल्या एकीच्या पाचव्या मजल्यावर ती नानांकडे, म्हणजे आईच्या वडिलांकडे राहायची. आई-बाबा भर समुद्रात उभ्या केलेल्या पवनचक्क्यांची देखभाल करायचे. महिनोन्‌महिने पाण्यावर, मग थोडे दिवस घरी. नाना ध्वनिशास्त्रज्ञ (आवाज कसा जन्मतो, कसा पसरतो आणि कसा विरतो हे शोधणारे). वय झालं तरी कान तिखट. गुडघे मात्र गेलेले, आणि स्वभाव पहिल्यापासूनच गेलेला.

घरातली तिसरी रताळी. भाजलेल्या रताळ्याचा रंग, आणि आकारही तोच. ती म्हातारी होती आणि तिला मधुमेह होता. हा आजार माणसांना होतो तसा मांजरांनाही होतो. खाल्लेल्यातली साखर रक्तात नुसती साचून राहते, शरीराला वापरता येत नाही. म्हणून शलाका तिला रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची (साखरेला पेशींची दारं उघडून देणाऱ्या द्रव्याची) बारीक सुई टोचायची. रताळी हूं की चूं करायची नाही. सुईमागून वाटी येते, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. पण सुया एकापाठोपाठ चुकल्या तर असं मांजर जगत नाही. हे शलाकालाही पक्कं ठाऊक होतं.

ही गोष्ट पुढच्या काळातली, पण फार पुढच्या नाही. तुम्ही कॉलेजात जाल तेव्हाची समजा. तेव्हा घराघरांत भिंतीवरच्या पडद्यावर ‘कट्टा’ चालायचा. कुणाची साखर संपली, कुणाचं पाणी गेलं, कुणाचं लग्न जमलं, सगळं कट्ट्यावर. न कळवता शेजाऱ्याची बेल वाजवणं म्हणजे निव्वळ गावंढळपणा. एकाच जिन्यानं वर्षानुवर्षं चढणारी माणसं एकमेकांना कट्ट्यावरच्या टोपणनावांनी ओळखायची, चेहऱ्यानं नाही. आणि कुणाला काय दिसावं हे ठरवायचा ‘वाटाड्या’. वाटाड्या म्हणजे क्रमलावणी यंत्रणा (हजारो गोष्टींतून तुमच्यासमोर आधी काय आणायचं ते ठरवणारा संगणकी कार्यक्रम). त्याला आवाजही होता. गोड, लग्नात माईक धरून बोलणाऱ्यासारखा.

शलाका कट्ट्यावर ‘रताळी लाइव्ह’ चालवायची. त्यात दिसायचं काय? मांजर झोपलीय. तासभर झोपलीय. मधेच कूस बदलतेय. तरी माणसं जमायची.

“मेली की झोपली?” दूधसाय नावाचं कुणीतरी लिहायचं.

“तुमच्यासारखीच आहे. काम ना धाम,” बॅटरीवाला म्हणायचा.

“निदान फुकटचे सल्ले तरी देत नाही.”

“सल्ला नाही, निदान! जास्त शेपटी हलवते म्हणजे तिला तुमची कॉमेंट आवडली नाही.”

शलाका खिदळायची आणि प्रत्येकाला उत्तर द्यायची. कुणी विचारलं की उत्तर द्यावं, उर्मटासारखं गप्प बसू नये, ही आईची शिकवण. ही सवय चांगलीच आहे. पण ती वापरायची कुठे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हालाही कुणी सांगितलेलं नसणार.

रताळीच्या गळ्यात एक हलका पट्टा असायचा. त्यातली चकती मांजर कुठे आहे ते कळवायची. गुरुवारी सडेतोड नावाच्या माणसानं लिहिलं, “मांजर आहे की कुरिअरचं पार्सल? काढा तो पट्टा. छळ नुसता!”

“हरवली म्हणजे तुम्ही शोधून देणार का?” बॅटरीवाल्यानं विचारलं.

“आमच्या लहानपणी मांजरी पट्ट्याशिवाय घरी यायच्या.”

“आणि लहानपणीच गाडीखाली जायच्या.”

झालं. ठिणगी पडली. मांजरीवरून गाडी पट्ट्यावर, पट्ट्यावरून यंत्रांवर, यंत्रांवरून ‘झोपलेल्या जिवाला चोवीस तास जगापुढे मांडणाऱ्या’ शलाकावर आली. एक गट म्हणे, यंत्रं नसती तर तुम्ही गुहेत असता. दुसरा म्हणे, गुहेत निदान शांतता होती. संध्याकाळपर्यंत चाळीस हजार माणसं तिथं उभी, आणि सगळी शलाकाकडे बघतायत. बारा वर्षांच्या पोरीनं काय करावं? ती घाबरली. तिनं कॅमेऱ्यासमोर रताळीचा पट्टा काढला आणि म्हणाली, “काढला बघा. आता भांडू नका.”

अर्ध्यांनी टाळ्या वाजवल्या, अर्ध्यांनी शिव्या घातल्या. भांडण दुप्पट झालं.

शुक्रवारी सकाळी शलाका सुई घेऊन रताळीला हाका मारत बसली. वाटी वाजवून पाहिली. रताळी आली नाही.

ती जिना उतरून खाली गेली, गाड्यांखाली वाकून बघितलं, बागेत पाहिलं, कुंपणापलीकडे पाहिलं. नाना गुडघे धरत लिफ्टपर्यंत आले आणि तिथूनच हाका मारत राहिले. मग शलाकानं त्या काळात कुणीही केलं असतं तेच केलं. कट्ट्यावर लिहिलं: “आमची रताळी हरवली आहे. ती आजारी आहे, तिला औषधाची सुई लागते. उत्कर्ष संकुलातल्या कुणाला दिसली तर कृपया सांगा.”

दुपार झाली. बातमी सव्वीस जणांनी पाहिली. एकानं हात जोडल्याचं चित्र टाकलं. बाकी सामसूम. आणि त्या बातमीच्या वर, अगदी माथ्यावर, कालचं पट्ट्याचं भांडण अजून धडधडून पेटलेलं.

“वाटाड्या,” शलाका चिडून म्हणाली, “माझी बातमी कुणालाच का दिसत नाही?”

“दिसली की, शलाका! सव्वीस जणांना मी दाखवून पाहिली. ते क्षणभर थांबले आणि पुढे गेले. कुणी काही लिहिलं नाही. कुणी परतून आलं नाही. मी समजलो, लोकांना ही नको आहे.”

“अरे, नको कशी? त्यांना वाईट वाटलं असेल! वाईट वाटल्यावर माणूस गप्प होतो.”

“वाईट वाटणं मला दिसत नाही. मला दिसतं कोण किती वेळ थांबलं, कोणी किती लिहिलं आणि कोण किती वेळा परत आलं. गप्प बसणं म्हणजे शून्य.”

“पण रताळी मरेल!”

“‘रताळी’ हा शब्द सध्या फार जोरात चालतोय,” वाटाड्या आनंदानं म्हणाला. “एक युक्ती सांगू? कुणाला तरी दोष दे. दोष दिला की माणसं थांबतात.”

त्याला राग आला नव्हता की दया आली नव्हती. मांजर म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नव्हतं. वजनकाट्याला भाजी शिळी की ताजी हे कळतं का? तसंच.

शलाकानं ती युक्ती ऐकली. तिनं लिहिलं: “ज्यांनी पट्टा काढायला लावला, त्यांनीच आता रताळीला शोधून आणा!”

आणि काय सांगू, आकडा उडालाच. शंभर, हजार, दहा हजार. शलाकाच्या मनात आशा फुलली. इतकी माणसं! यातल्या कुणाला तरी दिसेलच ना रताळी?

माणसं नागपूरहून बोलत होती, दुबईहून बोलत होती.

“पट्टा तू काढलास बाई. आम्ही हात धरला होता का?” सडेतोडनं लिहिलं.

“बघा! यंत्रविरोधकांनी जीव घेतला!” बॅटरीवाला गरजला.

“आईबाप कुठायत हिचे?”

“कुठली मांजर नि कुठलं हरवणं. बघे वाढवायला नाटक चाललंय सगळं.”

हे शेवटचं वाचून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं उत्तर लिहिलं, “नाही हो काका, नाटक नाही.” त्याला कुणीतरी हसलं. तिनं त्यालाही उत्तर दिलं. एकाला दिलं की दहा उगवायचे. संध्याकाळ तशीच सरली. रताळीसाठी काढलेली दुसरी सुईही न वापरता फ्रिजमध्ये परत गेली. कट्ट्यावर साठ हजार माणसं रताळीबद्दल बोलत होती, आणि त्यातला एकसुद्धा माणूस खुर्चीतून उठून रताळीला शोधत नव्हता. शलाकासुद्धा नाही. तीही लिहीतच होती.

शनिवारी सकाळी नाना उठून बघतात तर पोरगी सुजलेल्या डोळ्यांनी परत पडद्यासमोर. त्यांनी हातातला कप आपटला.

“शले, उठ तिथून.”

“नाना, एक मिनिट. हा माणूस खोटं बोलतोय माझ्याबद्दल.”

“बोलू दे. हा माईक धर.”

त्यांनी माळ्यावरच्या पेटीतून एक जुना माईक आणि भोंगा काढला होता. दोन्ही जोडले आणि शलाकाला माईक घेऊन भोंग्याच्या समोर उभं केलं.

“बोलू काय?”

“काही बोलू नकोस. नुसती उभी राहा.”

आधी बारीक गुणगुण झाली. मग ती वाढली, चढली, आणि कानात खिळा ठोकावा तशी कर्कश शिट्टी घरभर घुमली. शलाकानं माईक जवळजवळ फेकलाच. नानांनी भोंगा बंद केला.

“मी तर काहीच बोलले नाही!”

“तेच सांगतोय. गावात सभेला, लग्नात, ही शिट्टी ऐकली असशील. ती कोण वाजवतं? कुणीच नाही. नीट ऐक. खोलीत काहीतरी बारीक आवाज असतोच, पंख्याचा, श्वासाचा. तो माईकमध्ये गेला. यंत्रानं तो मोठा केला. भोंग्यातून बाहेर पडला. आता भोंगा कुणाच्या समोर आहे?”

“माईकच्या.”

“म्हणजे तो मोठा झालेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरला. पुन्हा मोठा झाला. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. डोळ्याचं पातं लवायच्या आत श्वासाची किंकाळी होते. याला म्हणतात धन प्रतिभरण (बाहेर पडलेलं परत आत जाऊन स्वतःलाच वाढवत नेणं). भोंग्याची ताकद संपते तिथंच ते अडतं.”

शलाका माईककडे बघत राहिली. मग भिंतीवरच्या पडद्याकडे.

“वाटाड्या म्हणजे मधलं यंत्र,” ती हळू म्हणाली. “मोठं करणारं.”

“बरोबर. पुढे?”

“सडेतोड काहीतरी खोचक लिहितो. लोक थांबतात, उलट लिहितात, कुणी काय म्हटलं बघायला परत येतात. वाटाड्या म्हणतो, वा, हे लोकांना हवंय. तो ते आणखी लोकांना दाखवतो. ते आणखी लिहितात.”

“आणि तुझी हरवल्याची बातमी?”

“ती वाचून लोक गप्प झाले. गप्प म्हणजे शून्य. शून्याला कितीनंही गुणलं तरी शून्यच.”

“कोडं सुटलं की नाही? माणसं दुष्ट नाहीत. वाईट वाटून गप्प राहिलेली माणसं मोजलीच जात नाहीत. मोजली जातात ती भांडणारी. मग पडद्यावर जग कसं दिसणार? सगळं भांडखोर. ते पाहून चांगला माणूससुद्धा बाह्या सरसावतो.”

“पण मी भांडत नव्हते, नाना. मी सगळ्यांना नीट, हात जोडून उत्तरं देत होते.”

दुसरा कुणी आजोबा असता तर म्हणाला असता, हो बाळ, तुझी काय चूक. नाना तसले नव्हते.

“माईकला हात जोडणं कळत नाही,” ते म्हणाले. “आवाज गोड की कडू हे तो बघत नाही. आवाज आला एवढंच बघतो. त्या भांडणात सगळ्यात जास्त उत्तरं कुणाची आहेत, मोज.”

तिला मोजायची गरज नव्हती. तिचीच होती.

“मी… मीच ते पेटतं ठेवलं?”

“तूही ठेवलंस. एकटी नाही. पण तूही.”

शलाका ढसाढसा रडली. नानांनी तिला रडू दिलं. त्यांना पाठीवरून हात फिरवणं जमायचं नाही. त्यांनी भोंगा पुन्हा चालू केला आणि माईक त्याच्यासमोर धरला; शिट्टी पुन्हा चढू लागली.

“ही शिट्टी थांबवायला काय करशील? मोठ्यानं ‘गप्प बस’ म्हणशील?”

तिनं नाक पुसत मान हलवली. “ते ‘गप्प बस’सुद्धा आत जाईल.”

“मग?”

तिनं माईक घेतला आणि भोंग्याकडे पाठ केली. शिट्टी विरली. मग ती पडद्याकडे गेली. कुणाला शेवटचं उत्तर दिलं नाही, ‘मी जाते’ असंही लिहिलं नाही. ‘रताळी लाइव्ह’ बंद केलं. मागून वाटाड्या गोड आवाजात विचारत राहिला, “शलाका, आत्ता कशी जातेस? तुझ्याबद्दल किती लोक बोलतायत!”

“नाना, मी दारोदार बेल वाजवायला जाते.”

“लोक तोंड वाकडं करतील.”

“करू देत.”

चौथ्या मजल्यावर एका आजींनी दार फटीएवढं उघडून “कट्ट्यावर टाक ना गं, अशी काय येतेस!” म्हणून लावून घेतलं. तिसऱ्या मजल्यावर कुणी उघडलंच नाही. दुसऱ्या मजल्यावर बऱ्याच वेळानं एक चाळिशीचा माणूस आला. दारावर पाटी, सुबोध ढवळे. कानांत श्रवणगोळ्या (बाहेरचा आवाज बंद करून आतला ऐकवणारी इवलीशी यंत्रं). दाढी वाढलेली.

“काका, मी वरच्या मजल्यावरची. आमची मांजर…”

“एक मिनिट हं,” तो वळून म्हणाला. “एका मूर्ख पोरीला उत्तर देतोय. उत्तर न देता पळून गेलीय.”

त्याच्यामागे भिंतीवर पडदा उजळलेला होता. पडद्यावर रताळीचा फोटो होता. खाली अर्धवट लिहिलेली ओळ, आणि ओळीखाली नाव. सडेतोड.

“काका,” शलाका म्हणाली, “ती मूर्ख मीच आहे. तुम्ही मलाच उत्तर देताय.”

ढवळेंनी एक गोळी कानातून काढली. तिच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे. जिन्यात ही मुलगी त्यांच्या शेजारून कितीदा तरी गेली होती.

“तू इथली? या इमारतीतली?”

“हो.”

“आणि मांजर… खरंच हरवलीय?”

“तिला औषध मिळालेलं नाही, काका. कालपासून.”

ढवळेंचा चेहरा बघता बघता उतरला. ते उंबऱ्यातच भिंतीला टेकले.

“काल,” ते म्हणाले, “काल दिवसभर आमच्या बाथरूममागच्या डक्टमधून आवाज येत होता. मांजरीचा. सारखा. मला लिहायला सुचेना. म्हणून मी या गोळ्यांचा आवाज वाढवला.”

“आणि आज?”

“आज सकाळपासून येत नाहीये.”

मुलांनो, तुमच्याशी खोटं गोड बोलायचं नाही. म्हणून जे झालं ते असं झालं.

डक्ट म्हणजे इमारतीच्या पोटातली अरुंद उभी पोकळी. त्यातून सांडपाण्याचे पाइप खाली जातात. वर गच्चीवर तिचं तोंड उघडंच होतं. रताळी तिथून पडली होती. ढवळेंच्या खालच्या मजल्यावरचं घर रिकामं होतं, त्यामुळे तिची हाक ऐकायला तिच्या जवळ एकच माणूस होता. त्या माणसानं तळमजल्यावरचा गंजलेला झरोका उचकटून काढला, पोटावर सरपटत आत गेला, पत्र्यानं दोन्ही हात कापून घेतले आणि रताळीला छातीशी धरून बाहेर आला.

रताळीचे डोळे उघडे होते. श्वास चालू होता. त्या श्वासाला सडक्या फळांसारखा वास येत होता. साखर वापरता येईनाशी झाली की शरीर स्वतःचीच चरबी जाळू लागतं. त्याचा तो वास.

गाडीत शलाका तिच्या कानाशी वाकून काहीबाही बोलत होती. ढवळे त्या आपोआप चालणाऱ्या गाडीला “लवकर, लवकर” म्हणत होते. गाडी आपली ठरल्या वेगानंच चालली होती.

प्राण्यांच्या डॉक्टर मॅडमनी तपासलं, सलाइन लावलं, सुई दिली. मग हातमोजे काढले. त्याही फारसं गुळमुळीत बोलणाऱ्या नव्हत्या.

“बरगड्या मोडल्यात, पण त्या सांधता आल्या असत्या. रक्त पूर्ण बिघडलंय. काल आणली असतीत, तर प्रयत्न करता आला असता.”

काल. काल साठ हजार माणसं तिच्याबद्दल बोलत होती.

रताळी दुपारी गेली. शलाकाचा हात तिच्या पोटावर होता. पोट वर आलं, खाली गेलं, आणि मग वर आलं नाही. ढवळे दारापाशी उभे होते. त्यांना आत यायचा धीर झाला नाही आणि निघून जायचाही झाला नाही.

कट्ट्यावरचं भांडण? ते चालूच होतं. रताळी गेली हे तिथं कुणाला ठाऊकही नव्हतं. वाटाड्यानं मात्र शलाका घरी येताच विचारलं, “रताळी सापडली का? काय झालं ते दाखवलंस तर लाखो लोक थांबतील.”

शलाकानं भिंतीवरचा पडदा काढून कपाटामागे उभा करून ठेवला.

पुढे काही दिवस ती जेवायला बसायची आणि ताटाकडे बघत राहायची. शाळेतही बोलली नाही. नानांना वाटलं, या पोरीला शहाणं करायच्या नादात आपण तिचं मन मोडलं. मग एका सकाळी दात घासता घासता ती फ्लशच्या टाकीचं झाकण काढून आत वाकली.

“नाना, ही टाकी भरली की पाणी आपोआप कसं थांबतं?”

नाना गुडघे विसरून आले. “तो चेंडू दिसतोय? पाण्यावर तरंगणारा? पाणी चढलं की चेंडू चढतो, चेंडू चढला की दांडी नळ बंद करते. पाणी उतरलं की नळ उघडतो. इथंही बाहेरचं परत आत जातंय, पण उलट्या दिशेनं. जितकं जास्त भरलं तितकं कमी सोड. याचं नाव ऋण प्रतिभरण (स्वतःच्या वाढीला स्वतःच लगाम घालणं). तापमान सांभाळणारं तुझं शरीर असंच चालतं.”

“म्हणजे यंत्र वाईट नाही. चेंडू कशाला बांधलाय, त्यावर आहे सगळं.”

“आणि तो बांधतं कोण?”

“माणूस.” तिनं बोटानं तो चेंडू दाबून पाहिला. “मी एक वाटाड्या करीन. आपल्या इमारतीपुरता. त्यात किती लोक थांबले ते मोजायचं नाही. काम झालं की नाही, ते मोजायचं. काम होईपर्यंत गोष्ट वर. झालं की खाली. कुणी एक अक्षर लिहो, न लिहो.”

“मग हरवलेली मांजर…”

“सापडेपर्यंत माथ्यावर.”

नानांनी झाकण उचलून टाकीवर नीट बसवलं, जरा जास्तच वेळ लावून.

त्या रविवारी शलाका, नाना आणि ढवळे गच्चीवर गेले. डक्टच्या तोंडावर जाळी बसवायची होती. ढवळेंच्या हातांवर पट्ट्या होत्या. त्यांनी नायलॉनची जाळी आणली होती.

“ही उन्हानं सडेल,” नाना म्हणाले. “तारेची पाहिजे.”

“तार गंजते, नाना. तुम्हाला सगळं जुनंच बरं वाटतं.”

“आणि तुम्हाला काही ठाऊक नसताना मत द्यायची खोड आहे.”

“ती आहे,” ढवळे म्हणाले. खाली मान घालून म्हणाले.

शलाकानं दोन्ही जाळ्या हातात घेऊन ओढून पाहिल्या. “तारेची खाली लावू, नायलॉनची वर. ऊन वरचीला खाईल, पाणी खालचीला. दोन्ही एकदम जायच्या नाहीत.”

दोघा मोठ्यांनी एकेक जाळी उचलली. मग भांडण संपलं. हो, संपलं. कारण आता भांडायला काही उरलंच नव्हतं, बांधायचं उरलं होतं. नानांनी गाठी सांगितल्या, ढवळेंनी मारल्या, त्यातल्या दोन चुकल्या, शलाकानं सोडवून पुन्हा मारायला लावल्या. ऊन चढलं तेव्हा कुठे शेवटची गाठ बसली.

ढवळेंनी जाळीवर दोन्ही तळवे टेकून सगळा भार टाकला. जाळी ताणली गेली आणि थांबली.

“शेजारच्या इमारतीचं डक्टही उघडंच आहे,” शलाका कठड्यावरून वाकून म्हणाली.

नानांनी उरलेली तार गोळा केली, खांद्यावर टाकली, आणि गुडघा चोळत जिन्याकडे चालू लागले.